डोरीनच्या खुर्चीवरचं बोंड

हसून घ्या, पोरांनो. मीही हसायचो. भूत बघायला तिकीट काढून आलेल्यांना सांगायचो, "आज बाईंची सुट्टी आहे." पण नॉर्मन पार्जेटरचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सांगतो.

नॉर्मन इथेच, या हेझलकोट हॉलमध्ये, घड्याळांना चावी द्यायचा. बायको डोरीन गेली आणि त्याला घर खायला उठू लागलं, म्हणून दिवसभर इथे रेंगाळायचा. जुन्या खुर्च्यांवर कोणी बसू नये म्हणून आपण पाइनच्या झाडाचं वाळकं, शंकूसारखं बोंड ठेवतो ना? तसं एक त्यानं घरी डोरीनच्या खुर्चीवर ठेवलं. त्याच्याकडे खुर्च्या दोनच. हळूहळू लोक यायचेच बंद झाले.

"पाहुण्याला उभ्यानं चहा पाजतोस," मी चिडवायचो, "आणि वर रडतोस, कोणी फिरकत नाही म्हणून!"

"ती जागा भरलेली आहे, रेज." एवढंच म्हणायचा.

गेल्या वर्षी, ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार. हिवाळ्यासाठी देशभर घड्याळं तासभर मागे घ्यायची रात्र. पुढचं त्यानंच मला सांगितलं. जुन्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नसतात. लंबक धरायचा, तासभर थांबायचं, मग पुन्हा हलवायचा. सगळे गेल्यावर नॉर्मन मिस ऑनरच्या, म्हणजे या घराच्या जुन्या मालकिणीच्या, आपल्या भूतबाईंच्या, बैठकीच्या खोलीत शिरला. तिचा भाऊ लढाईवर गेला तो परतलाच नाही. बाई मरेपर्यंत त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली. पुढे घराचं संग्रहालय झालं आणि दोन्ही खुर्च्यांवर बोंडं आली.

नॉर्मननं लंबक धरला. टकटक थांबली.

घर गप्प झालं. त्याचे गुडघे ठणकत होते. पण नियम म्हणजे नियम. तो उभाच राहिला. खिडकीची कडी नीट लागली का, ते बघून वळला...

भावाच्या खुर्चीवर बोंड नव्हतं.

ते शेकोटीवरच्या फळीवर होतं. शेजारी दुसरं. आणि मिस ऑनरच्या खुर्चीची गादी... हळूहळू दबत होती.

नॉर्मन भावाच्या खुर्चीवर बसला. त्याला कोणीतरी बस म्हणालं होतं. न बोलता.

"घरी माझं कोणी नाही हो, बाई."

नुसती कापडाची सळसळ...

मग लंबक हलला. आपोआप.

सकाळी मला त्याचा फोन. "रेज, ये." मी त्याच्या घरी गेलो. चेहरा पांढराफटक, पण गडी हसत होता. टेबलावर तीन कप मांडलेले. तिसरा कोणासाठी, म्हणून मी खुर्चीकडे बघितलं.

डोरीनच्या खुर्चीवरचं बोंड शेकोटीवरच्या फळीवर होतं.

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "रात्री आलो तेव्हा कुलूप होतं तसंच होतं. बस ना. माझ्या खुर्चीवर बस."

मी उभ्यानंच चहा प्यायलो. समोरची डोरीनची खुर्ची रिकामी होती, पोरांनो. पण तिची गादी...

दबलेली होती.