हौद्यावरची खोली

त्या दिवशी मी फोम कापून आणायला निघाले होते, इतकंच. पडदे शिवणं हा माझा धंदा, त्यामुळे फोमवाल्याकडे जाणं-येणं नेहमीचंच. पण हा फोम गिऱ्हाइकाचा नव्हता, घरचा होता. सासऱ्यांच्या झोपेसाठी होता.

माझे सासरे, त्यांना आम्ही बाबा म्हणतो, उभा जन्म मालट्रक चालवत आले. सासूबाई गेल्या आणि बाबांची झोप जी उडाली ती परत आलीच नाही. पलंगावर, सतरंजीवर, आरामखुर्चीत, सगळे प्रयोग करून झाले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची नाही, तोल मात्र जायचा. एकदा न्हाणीघरात पडले. माझा नवरा जहाजावर, महिनोन् महिने घरी नसतो. घरात आम्ही दोघंच. ते येरझाऱ्या घालायचे आणि मी भिंतीपलीकडे त्यांची पावलं ऐकत पडायचे. माणूस डोळ्यांदेखत झिजत होता.

एकदा जेवताना म्हणाले, "सूनबाई, मला झोप लागायची ती ट्रकमध्येच. चार भिंतींत कधी लागलीच नाही. तुझ्या सासूला विचार." मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

पडद्यांचे गठ्ठे न्यायला आमच्याकडे जुना पिकअप होता. त्याच्या हौद्यावर बसवायची एक खोली विकायची आहे असं कानावर आलं, तेव्हा मी बघायला गेले. खोली म्हणजे काय, तर पत्र्याचा बुटका सांगाडा. आत शिरून छत वर रेटायचं, की चारी बाजूंचं जाड कापड ताठ होतं आणि माणसाला उभं राहता येतं. कापडाला खिडक्या, खिडक्यांना आतून चेन. विकणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, एकट्याच राहणाऱ्या. आतलं सगळं सामान त्यांनी काढून टाकलं होतं. नुसतं टरफल उरलं होतं.

"यात झोपणार कोण?" त्यांनी विचारलं.

"माझे सासरे. त्यांना झोप येत नाही हो मावशी."

त्या पत्र्यावर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "येईल." भाव मी काहीच केला नाही. त्यांनी सांगितला तोच मुळात फार कमी होता.

मग आमचं काम सुरू झालं. बाबांच्या अंगात कुठून जोर आला देव जाणे. प्लायवूड त्यांनी स्वतः कापलं. पाठ टेकायच्या जागी सलग फळी न टाकता पट्ट्या टाकल्या आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवली. "गादीखाली हवा खेळली पाहिजे," म्हणाले. "नाहीतर श्वासाचा ओलावा खाली उतरतो आणि गादी कुजते. ट्रकमध्ये हे मी कंबर मोडून शिकलोय." खाली खण केले, एक कपड्यांचा, एक भांड्यांचा. पत्र्याला आतून चंदेरी शीट लावली, थंडी अडवायला. झोपल्या झोपल्या हात पोचेल तिथे पिवळ्या दिव्याचं बटण बसवलं. मी खाली कडक आणि वर मऊ असा दुहेरी फोम घेतला, त्याला सुती खोळ शिवली आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता यावं म्हणून दाराशी दोरीचं कडं लावून घेतलं.

गादी टाकली तेव्हा वॉर्निशचा वास अजून ओला होता. "बघू तरी," म्हणून बाबा आडवे झाले. मी चहा टाकायला घरात गेले. कप घेऊन परत आले तर ते घोरत होते. दीड वर्षात मी ते घोरणं ऐकलं नव्हतं. चहा तिथेच फळीवर निवला. मी पायरीवर बसून पदराने डोळे पुसत राहिले. त्यांना उठवावंसं वाटलं नाही.

त्या दिवसापासून बाबा अंगणात, पिकअपवरच झोपायला लागले. गालांवर मांस दिसू लागलं. शेजारी थट्टा करायचे, सुनेनं म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं म्हणून. बाबा म्हणायचे, "काढलं नाही, बढती दिली."

एका सकाळी ते दात घासता घासता सहज बोलले, "झोप लागते ती थोपटल्यामुळे."

"कोण थोपटतं?"

"ते कोण बघतं? लहान पोराला थोपटतात ना, तसं पाठीवर… खालून."

"खालून म्हणजे?"

"गादीच्या आतून."

मी हसून सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाचं रक्त पाठीत ठणकत असेल, त्याला वाटत असेल थोपटल्यासारखं. पण त्या दुपारी मी खोळ धुवायला काढली. उघड्या फोमवर बाबांच्या अंगाचा खळगा पडला होता, ते ठीकच. पण त्याच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला, दुसरा खळगा होता. अरुंद, आखूड. मी तळहाताने फोम दाबून सारखा केला. हाताला ऊब लागली. बाबा सकाळपासून घरात होते… मी खोळ न घालताच खाली उतरले. संध्याकाळी घातली, तीही त्या बाजूला न बघता.

बाबांना काही सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? त्यांची झोप मोडणार होते?

थंडीच्या दिवसांत त्यांनी घाटाचा हट्ट धरला. ज्या घाटातून आयुष्यभर माल नेला, तो एकदा बिनमालाचा बघायचा. आम्ही सकाळी निघालो. माथ्याजवळ पोचलो तेव्हा दुपार कलली होती, आणि धुकं असं उतरलं की बॉनेटही दिसेना. बाबा म्हणाले, "धुक्याशी पैज नाही लावायची. बाजूला घे." रस्त्याकडेला सपाट जागा होती तिथे मी गाडी घेतली, छत वर केलं आणि आम्ही दोघं आत शिरलो. गारठा हाडांत शिरत होता. आम्ही नवा घेतलेला गॅसचा छोटा हीटर लावला. मी एक खिडकी चार बोटं उघडी ठेवली. बाबा गादीवर लवंडले, मी खणाच्या झाकणावर पाठ टेकून बसले. धुकं विरायची वाट बघायची होती फक्त.

माझा डोळा लागला. मधेच केव्हातरी वारा आत येतो म्हणून बाबांनी ती खिडकी बंद केली. हे मला नंतर कळलं.

मला आवाज आला. थप… थप… थप… अगदी सावकाश, कुणीतरी मांडीवरच्या बाळाला थोपटावं तसा. मला वाटलं, स्वप्नच आहे. इतकं छान वाटत होतं की उठूच नये. अंग शिशासारखं जड, डोक्यात कुठेतरी दुखत होतं, पण ते दुखणंही लांबचं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. पिवळ्या उजेडात बाबा उताणे दिसत होते. त्यांचे दोन्ही हात पोटावर होते. माझे मांडीवर. आणि गादी हलत होती. त्यांच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला, खोळीचं कापड आतून जरासं वर यायचं आणि बसायचं. यायचं… बसायचं…

मग ताल बिघडला. थोपटणं भराभर झालं. मग जोरात. लाडाचं थोपटणं राहिलं नाही ते, मारणं झालं. गादीच्या पोटातून कुणी दोन्ही हातांनी बडवावं तशी पूर्ण गादी उडत होती आणि बाबांचं डोकं त्यावर हलत होतं, आणि तरी ते उठत नव्हते. मला ओरडायचं होतं. तोंडातून नुसती हवा निघाली.

"बाबा…"

माझ्या गालावर चापट बसली. खरी, सणसणीत. हात दिसला नाही. फक्त वास आला, टाल्कम पावडरचा आणि उतू गेलेल्या दुधाचा.

आणि मग चेन उघडायला लागली. बाबांच्या डोक्यावरच्या खिडकीची चेन. एकेक दात सुटल्याचा आवाज मी ऐकला, कर्र… कर्र… आमच्यापैकी कुणाचा हात तिथे नव्हता. कापड दुभंगलं आणि थंड धुकं आत पडलं, अक्षरशः अंगावर पडलं.

त्या गारठ्याने मला शुद्ध आली. मी रांगत गेले, हीटर बंद केला, दार लाथेने उघडलं आणि बाबांना काखेत धरून ओढलं. कसा ओढला एवढा मोठा देह, विचारू नका. दोघं ओल्या मातीवर पडलो. बाबांना उलटी झाली. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, उठवलंस कशाला? किती छान लागली होती."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. बंद जागेत हीटरमुळे विषारी वायू साठतो, त्याला ना रंग ना वास, म्हणाले. आणखी थोडा वेळ आत राहिला असतात तर दोघांपैकी कुणीच उठलं नसतं. खिडकी वेळेवर उघडलीत म्हणून वाचलात. मी मान डोलावली. मी उघडली नव्हती हे त्यांना सांगून काय उपयोग होता?

पण एका माणसाला सांगणं भाग होतं. मी त्या विकणाऱ्या मावशींकडे गेले. त्यांनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता बाजूला झाल्या. मी सगळं सांगितलं. चापटीपर्यंत आले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"माझी धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "पाळणाघर चालवायची. किती पोरं झोपवली असतील तिनं. म्हातारपणी फिरायचं म्हणून दोघींनी मिळून ती खोली घेतली. पहिल्याच थंडीत… गारठा होता, आम्ही शेगडी पेटवली आणि सगळं घट्ट लावून घेतलं. झोपलो दोघी. उठले मी एकटी."

मी त्यांचा हात हातात घेतला. "मावशी, त्यांनी आमचे प्राण वाचवले. माझं घर वाचवलं. त्यांचे पाय धरावेत तर पाय कुठले शोधू? म्हणून तुमच्याकडे आले."

त्या खूप वेळ रडल्या, पण शांतपणे. मग पाणी प्यायल्या आणि लहान मुलीसारखं विचारलं, "मला एकदा नेशील तिथे?"

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. गाडी विकावी, मोडीत काढावी, असे विचार माझ्या मनात येऊन गेले होते. बाबांनी ते उडवून लावले. "जिनं जीव वाचवला तिला भंगारात घालतेस?" हीटर तेवढा मी फेकून दिला, आणि छताला कायम उघडी राहील अशी जाळी बसवून घेतली. रविवारी आम्ही मावशींना घेऊन तळ्याकाठी गेलो. उन्हं छान होती. बाबांनी छत वर केलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मावशींना कड्याला धरून वर चढायला मदत केली. त्या गादीवर बसल्या, भिंतीच्या बाजूची खोळ हाताने कुरवाळली आणि बहिणीशी हळू आवाजात बोलत राहिल्या. आम्ही लांब जाऊन बसलो. ते ऐकायचं बोलणं नव्हतं. परत आलो तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं, कपाळावर एक आठी नाही. बाबा म्हणाले, "झोपू दे. यांचीही बरीच झोप बाकी असेल."

त्या उठल्या तेव्हा सूर्य तळ्याच्या पार टेकला होता. "इतक्या वर्षांनी," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या क्षणी कसलीच भीती वाटत नव्हती. देवळातून बाहेर पडताना वाटतं तसं हलकं वाटत होतं.

परत निघण्यापूर्वी मी छत खाली घेतलं आणि चारही कड्या लावल्या. छत बसलं की गादीच्या वर वीतभर जागा उरते. उशी ठेवली तरी छताला टेकते; मांजरसुद्धा तिथे वळू शकणार नाही. दाराला कुलूप घातलं. आम्ही पुढे केबिनमध्ये बसलो, मी चाकावर, मधे मावशी, खिडकीशी बाबा.

रस्ता ओळखीचा होता. चढण संपून गाडी सपाटीला लागली, इंजिनाचा आवाज खाली आला, आणि मागून, आमच्या पाठीमागच्या पत्र्याआडून, खोळीच्या कापडाची सळसळ आली. कुणीतरी कूस बदलली. त्या वीतभर जागेत.

मी आरशात बघितलं. मागे रिकामा रस्ता.

"हळू घे, पोरी," मावशी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. बाबांनी डोळे मिटलेले होते, पण झोपले नव्हते; तेही ऐकत होते.

मी वेग कमी केला. मागे पुन्हा सळसळ झाली, या वेळी लांब, सरपटत जाणारी. अंथरुणात आधीच झोपलेलं माणूस भिंतीकडे सरकतं, नव्या माणसाला जागा करून देतं, तसा आवाज. मग फोमवर दोनदा थोपटल्याचा. ये, इथे, असं सांगितल्यासारखा.

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. जागा एकाचीच केली होती.