रणात उतार नसतो

ललित माझा मावसभाऊ. जळगावात मेहरूणला राहतो, ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक दाराशी चप्पल कशी काढतं यावरून ते माल घेणार की नुसता भाव विचारून जाणार, हे त्याला कळतं. थाप मारणंसुद्धा त्याला तोट्याचं वाटतं.

असा माणूस एका माणसाला ओळखायला चुकला.

आणि ती चूक त्याला कुणा जिवंत माणसाने दाखवली नाही...

तुम्हाला पटवायची मला घाई नाही. ललितने जे सांगितलं ते मी लिहितोय, आणि शेवटचं थोडंसं माझं स्वतःचं आहे. गावाचं नाव तेवढं गाळतो. धुळ्याहून साक्रीकडे जाताना डाव्या हाताला आत एक मळा आहे, एवढं पुरे. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार होता. रात्र नव्हती. लोक म्हणतात, भुतं रात्री येतात. इथे तर सूर्य अजून बांधावर टेकला होता.

मळा नवीनचा. नवीन आणि ललित धुळ्याला पॉलिटेक्निकला एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. तेव्हापासून दोघांचं एकच वेड... कच्छच्या रणात जायचं. हमरस्त्याने नाही, आडवाटेने. पिंपळनेर, चरणमाळचा घाट, नवापूर, मग गुजरातेतल्या कच्च्या वाटा आणि शेवटी ते पांढरं, सपाट रण. ललितने मोटरसायकलवर पुढे जाऊन वाट शोधायची. मागून नवीनने ट्रक आणायचा. पाणी, पेट्रोल, तंबू, सगळं ट्रकमध्ये.

ट्रक म्हणजे नवीनच्या आजोबांचा. रुपचंद नानांनी तरुणपणी लष्कराच्या लिलावात घेतलेला. लांब नाकाचा, पेट्रोलवर चालणारा, डोळे वटारल्यासारखे दिवे. नवीनने तो वर्षानुवर्षं खपून उभा केला होता. जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये त्याची शान होती. कुणी फोटो मागितला की नवीन आधी केस विंचरायचा, मग ट्रकचा फोटो पाठवायचा.

त्या रविवारी निघण्याआधीची शेवटची बैठक होती. ललित सकाळीच पारोळ्यावरून किकवाल्या मोटरसायकलने मळ्यात पोचला. बायकोला, दिपमालाला, सांगून आला होता, "या वेळी नक्की. नवीन आहे म्हणजे काळजी नाही."

नवीनची आई वच्छलाबाई दारातच भेटली. ललित तिला अक्का म्हणायचा.

"ये रे भो. तू ते घरनाच पोऱ्या शे."

तू घरचाच मुलगा, हे ती त्याला कॉलेजापासून म्हणत आली होती.

कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. लाकडी बडगीत ठेचून झणझणीत भरीत झालं. सोबत कळण्याच्या पुऱ्या. नवीनचा चुलतभाऊ भूषणही ट्रकवर येणार होता. तो इतकं जेवला की ललितला राहवलं नाही.

"भूषणभाऊ, रणात तुझ्या खाण्यासाठी वेगळा ट्रक लागेल."

"तू मोटरसायकल ढकलशील तेव्हा कळेल, ताकद कुठून येते ते," भूषण म्हणाला.

अक्का मात्र वाढत होती ललितलाच. आणखी घे. आणखी घे. तोंडाकडे न बघता.

जेवण झाल्यावर सगळे ट्रकपाशी गेले. तिथे ललितची दुकानदारी नजर एका गोष्टीवर अडली. मळ्यात एवढी सपाट जागा असताना ट्रक उभा होता मातीच्या एका उंच चढावर. नाक खाली करून. चढ मुद्दाम रचलेला दिसत होता, आणि जुना होता. त्यावर गवताच्या कितीतरी पिढ्या वाळून गेल्या होत्या.

"हा असा का उभा?"

"उतारावर सोडला की चालू होतो," नवीन म्हणाला. "सेल्फ-स्टार्टर टिकत नाही याचा. किती बसवले, सगळे जळाले."

"मग कुठेही थांबायचं तर आधी उतार शोधायचा?"

"आजवर तसंच चालवलंय."

ललित हसला. "नवीनशेठ, रणात उतार कुठून आणणार?"

नवीन हसला नाही.

त्याने ट्रकच्या हौद्यातून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. दोरी सोडली. आत लोखंडी हँडल होतं. नाकाखालच्या भोकात घालून इंजिन फिरवायचं, जुन्या गाड्यांना असायचं तसलं.

"म्हणून हे. आणि म्हणून तू. तुझ्या खांद्यात जोर आहे. भूषणचा खांदा दुखतो."

सकाळपासून खोऱ्याने वांगी उलथणारा भूषण लगेच खांदा चोळू लागला.

ललितने हँडल हातात घेतलं. पौषातली थंडी. लोखंड गार असायला हवं होतं.

मूठ कोमट होती...

कुणीतरी आत्ताच हातातून सोडल्यासारखी.

उन्हात असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. पण हँडल तर गोणपाटात होतं.

चाचणी घ्यायची ठरली. दोरखंड लावून ट्रक चढावरून हळूहळू सपाटीवर उतरवला. बाजूला बाजेवर रुपचंद नाना बसले होते. वय झालेलं, नजर गेलेली, कान मात्र शाबूत. लोखंडाचा आवाज ऐकून ते ताठ झाले.

"हँडलवर कोन शे?"

"माझा दोस्त, नाना. जळगावचा ललित."

"घरना नही ना?"

"नाही, नाना."

नानांनी श्वास सोडला. "मंग चालस."

ललितला वाटलं, म्हातारा पाहुण्याला राबवायचं म्हणून संकोचला असेल. त्याने वर चेष्टाही केली, "नाना, पाहुण्याकडून काम काढून घेता होय!"

कुणी हसलं नाही.

नवीनने कायदा समजावला. हँडलवाल्याने आधी विचारायचं, "न्यूटल?" ड्रायव्हरने गियरचा दांडा हलवून बघायचा, मोकळा असेल तरच म्हणायचं, "न्यूटल." त्याआधी हँडलला हात नाही. कारण गाडी गियरमध्ये असली आणि इंजिन पकडलं, तर गाडी पुढे उडी घेते. पुढे हँडलवालाच उभा असतो.

"म्हणजे माझा जीव तुझ्या जिभेवर," ललित म्हणाला.

"एवढा भरवसा नाही का भो?"

"आहे म्हणून तर उभा आहे."

नवीन चढून बसला. त्या उंच नाकामुळे समोरून तो दिसेना. दिसत होती फक्त जाळी आणि ते वटारलेले दिवे.

"न्यूटल?"

"न्यूटल."

ललितने हिसका दिला. खर्रर्र... इंजिन खोकलं, गप्प झालं.

"न्यूटल?"

"न्यूटल."

खर्रर्र... पुन्हा तेच.

ललितने कपाळ पुसलं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, काहीतरी बंद पडलंय. शेजारच्या शेतातली मोटार चालू होती, पाटात पाणी पडत होतं. पण पाण्याचा आवाज येत नव्हता. भूषणचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. जणू कुणी दोन्ही कानांवर तळवे दाबून धरले होते.

त्याने पुन्हा मूठ धरली.

आता ती कोमट नव्हती. घामाने ओली होती.

त्याचा हात कोरडा होता...

"न्यूटल?"

क्षणभर काहीच नाही.

मग ट्रकमधून, अगदी स्पष्ट...

"न्यूटल."

ललितने पाय रोवले. खांदा वाकवला. आणि त्याच्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागला.

बिडीचा वास आला. उग्र, जुना.

कानाशी कुणीतरी हळूच बोललं. घाई नव्हती, धमकी नव्हती. रस्त्यात अनोळखी माणसाला खड्डा दाखवावा, तसं.

"गियर मा शे, भो... सरक."

ललित सांगतो, त्याने विचार केला नाही. मूठ सोडली आणि बाजूला पडला. पडता पडता त्याने जे पाहिलं, ते तो अजून विसरलेला नाही.

हँडल फिरलं.

त्याला कुणाचाही हात नव्हता.

खर्रर्र...

इंजिनाने डरकाळी फोडली. ट्रकने उडी घेतली. ललित उभा होता ती जागा चाकाखाली गेली. हँडल उडून मातीत रुतलं. ट्रक समोरच्या बांधावर नाक आपटून थांबला.

आणि मग पाण्याचा आवाज परत आला.

नवीन खाली उतरला. चेहरा राखेसारखा.

"तू विचारलंस का नाही?" तो ओरडला.

"विचारलं! तू 'न्यूटल' म्हणालास!"

"या वेळी मी तोंडच उघडलं नाही! दांडा मोकळा होता, आईची शपथ!"

ललितने वर चढून पाहिलं. दांडा पहिल्या गियरमध्ये होता. त्याने भूषणकडे बघितलं. भूषण खांदा चोळायचं विसरला होता.

"मला ऐकू आलं," भूषण म्हणाला. "'न्यूटल' म्हणाला कुणीतरी. पण आवाज नवीनचा नव्हता. नानांचा होता. आत्ताचा नाही... तरुण होता."

बाजेवर नानांनी मान वळवली होती. आंधळे डोळे ललितवर नव्हते. ट्रकच्या नाकासमोर रिकाम्या जागेवर होते.

"तोताराम..." ते म्हणाले. "याले सोडी दिधं तू?"

मग अगदी बारीक आवाजात, "मंग आते कोन?"

कोण तोताराम, हे ललितने भूषणला कॉलरला धरूनच विचारलं. तोताराम नानांचा भागीदार. ट्रक दोघांनी मिळून चालवलेला. एका लांबच्या फेरीला निघताना तो हँडलवर होता, नाना आत. त्याने विचारलं, आतून उत्तर आलं, आणि ट्रकने उडी घेतली. गियर आपोआप पडला, असं नाना म्हणाले. तोतारामच्या घरचे गाव सोडून गेले. त्यानंतर घरातल्या ज्याने ज्याने ते हँडल हातात धरलं, त्याला मागून बिडीचा वास आला. मग नानांच्या बायकोने सगळ्यांना आण घातली. घरच्या माणसाने हँडलपुढे उभं राहायचं नाही. म्हणून तो चढ. म्हणून ते गोणपाट.

"हे तुला माहीत होतं?" ललितने नवीनला विचारलं.

नवीन मातीकडे बघत राहिला.

"मला माहीत असतं तर मी उभा राहिलो असतो का?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि मला काही झालं असतं तर?"

"तुला कशाला होईल रे..." नवीन काकुळतीला आला, आणि त्याच्या तोंडून ते निसटलं. "आण घरच्यांना आहे. तू थोडाच घरचा आहेस?"

अक्का दारात उभी होती. तिने ऐकलं. पदर सावरून आत गेली.

ललितने बॅग उचलली. मोटरसायकलला किक मारली. पारोळ्यापर्यंत मागे पाहिलं नाही. भुताच्या भीतीने नव्हे. मागे पाहिलं असतं तर नवीन हात करताना दिसला असता, आणि जुन्या सवयीने आपणही केला असता, या भीतीने.

मला हे सांगताना तो हसला होता. ते हसणं मला आवडलं नाही. म्हणाला, "बोकडालाही जत्रेआधी भरपूर पाला घालतात. मी तर पोटभर भरीत खाल्लं."

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

होळीच्या सुमारास मोटरसायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर ललितला नवीनचा मेसेज दिसला. खाली ट्रकचा फोटो. पाठीमागे तो चढ.

"कच्छ मोहिमेसाठी एक जोडीदार पाहिजे. अनुभव नसला तरी चालेल. अंगात जोर हवा. घरच्यासारखं सांभाळू."

पाचोऱ्याच्या अनुज नावाच्या पोराने लगेच होकाराचा अंगठा टाकला. ललितने त्याचा नंबर मिळवला, सगळं सांगितलं. अनुज मनापासून हसला. "दादा, तुम्हाला काढलं म्हणून जळताय का?"

"हँडल मारू नको, एवढंच ऐक."

"अहो, हँडल मारायलाच तर मला घेतलंय!"

ते निघाल्याचे फोटो आले. चरणमाळच्या घाटातला आला, नवापूरचा आला. घाटात उतार भरपूर. मग फोटो थांबले. अनुजचा फोन लागत नाही. रणात रेंज नसते, असं ललित मला सांगतो.

आणि तोताराम ललितशी बोलला, ते तो घरचा नव्हता म्हणून. अनुजही घरचा नाही. त्यालाही सरक म्हणाला असेल. म्हणालाच असेल... ललित हे रोज म्हणतो.

आता माझं.

परवा मी मेहरूणला त्याच्याकडे उतरलो होतो. सकाळी दुकानावर जाताना त्याच्या मागे मोटरसायकलवर बसलो. ललितने किकवर पाय ठेवला, आणि मारली नाही. न्यूटलचा हिरवा दिवा लागलेला होता. तरी तो मान किंचित मागे वळवून, मला नव्हे, हळूच म्हणाला...

"न्यूटल?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मी गप्प राहिलो.

तो थांबला. कान देऊन थांबला. मग मान हलवली आणि किक मारली.

"काय रे, कुणी उत्तर दिलं का?" मी विचारलं.

"तुला नाही ऐकू आलं?"

खरं सांगतो, मला ऐकू काहीच आलं नाही.

पण ललित तंबाखूला शिवत नाही. मीही नाही. गल्लीत त्या वेळी चिटपाखरू नव्हतं.

आणि माझ्या मागून बिडीचा वास येत होता...