मागच्या सीटवरचं वजन

ज्यांना पटणार नाही, त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं आहे. मावशी पंप दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर आहे. स्वतः पाना लावून बघितल्याशिवाय ती कशावरच विश्वास ठेवत नाही.

आणि वेळही रात्रीची नव्हती. रविवार, दुपारचे तीन, बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे तिच्या घरामागची पत्र्याची शेड.

त्या शेडमध्ये काकांची मोटरसायकल सात वर्षं उभी होती.

काका त्याच गाडीवर गेले. उतारावरच्या वळणाला गाडी कठड्यावर आदळली. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ होता, त्याचं खांद्यावर निभावलं. मावशीला सगळं त्यानेच सांगितलं. "वहिनी, मी मागून ओरडत होतो, दादा हळू घे. त्याने ऐकलंच नाही."

मावशी रडली कमी, चिडली जास्त. घरी आपलं माणूस वाट बघतंय, एवढं भान नसावं? कोणी विचारलं की ती एवढंच म्हणायची, "स्वतःच्या हाताने गेले."

गाडीचं मात्र फारसं बिघडलं नव्हतं. तेच धाकटे भाऊजी दर वर्षी म्हणायचे, "भंगारात घालू वहिनी, मीच घेऊन जातो." मावशी 'बघू' म्हणायची आणि विषय तिथेच राहायचा.

यंदा कारखाना शहराबाहेर हलला. तिकडे बस जाईना. मावशीने शेडचं कुलूप काढलं.

नवी बॅटरी घातली, कार्बोरेटर धुतला, ताजं पेट्रोल ओतलं. दहाव्या किकला इंजिन बोललं. पण क्लच दाबून पहिला गिअर टाकला की गाडी एक हिसका देऊन बंद.

पुन्हा सुरू केली. पुन्हा हिसका. पुन्हा बंद.

आधी तिने केबल तपासली. तेल सोडलं, ताण नीट केला. लिव्हर दाबली की खाली इंजिनावरचा दांडाही हलत होता. म्हणजे दोष आत होता.

तिने फोरमनला फोन लावला. तो हसला. "सात वर्षं हलली नाही ना? आतल्या क्लचप्लेटा एकमेकींना चिकटल्या असणार. लिव्हर दाबून बांधून ठेव. नाहीच सुटल्या तर खोल."

तिने जुन्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर हँडलला बांधून ठेवली. दोन दिवस गेले, प्लेटा काही सुटल्या नाहीत.

म्हणून त्या रविवारी तिने इंजिनातलं ऑइल काढलं आणि क्लचचं झाकण उघडलं. भिजून वाळलेल्या वहीची पानं चिकटावीत, तशा प्लेटा चिकटल्या होत्या. पातळ पात्याने एकेक सोडवली, पॉलिश पेपरने घासली, नव्या ऑइलमध्ये भिजवली आणि पुन्हा बसवली.

गाडी मधल्या स्टँडवर होती. तिने गिअर टाकला, क्लच दाबला आणि मागचं चाक हाताने फिरवलं. भिंगरीसारखं फिरलं. मावशी खूश झाली.

तिने स्टँड काढला, क्लच दाबला, गाडी पुढे ढकलली...

हलली नाही.

न्यूट्रल केली. तरी हलली नाही.

ब्रेक जाम असेल म्हणून तोही सैल केला. कशीबशी गाडी स्टँडवर घेतली. चाक पुन्हा मोकळं. स्टँड काढला, की गाडी जागेवर गच्च.

फिटरच्या डोक्याला हे पटेना. ती खाली वाकली आणि मागच्या स्प्रिंगा बघितल्या...

दोन्ही दबलेल्या होत्या. चांगल्या तीन बोटं.

गाडीवर कोणीच नव्हतं.

मग तिला सीट दिसली. पुढचा भाग फुगलेला. मागे मात्र रेक्झिनला खळगा पडला होता. माणूस बसल्यावर पडतो तसा.

ती श्वास रोखून उभी राहिली. शेडमध्ये चिमणीचाही आवाज नव्हता. आणि मग...

खट.

मागचं डाव्या बाजूचं मिटलेलं फूटरेस्ट आपोआप खाली उघडलं.

खट.

उजव्या बाजूचं.

मावशीच्या हातातला पाना गळून पडला. पळून जावं असं वाटलं. आणि त्या भीतीतही तिच्या मनात भलताच प्रश्न आला. हे असतील, तर मागे का बसलेत?

काका आपल्या गाडीवर कधी म्हणजे कधी मागे बसायचे नाहीत. म्हणायचे, "आपल्याच गाडीवर मागे बसणं म्हणजे आपल्याच लग्नात वाढपी होणं."

"अहो..." ती हळूच म्हणाली.

खळगा तेवढा तसाच राहिला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "वहिनी, इंजिन सुरू केलंत म्हणे? शेजारचे सांगत होते. कशाला हा उद्योग?"

भाऊजी होते. हसत होते, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हते.

"क्लच सुटलाय का, तेवढं बघायचंय," मावशी म्हणाली. आवाज इतका शांत कसा निघाला, ते तिचं तिलाच कळलं नाही. "जरा बसा. मी मागून ढकलते."

"मला जमत नाही आता. खांदा दुखतो."

"बसायला खांदा कशाला लागतो, भाऊजी?"

ते नाइलाजाने आत आले आणि पुढे बसले. डाव्या हाताने क्लच दाबला.

मावशीने हात लावायच्या आधीच...

गाडी सरकली. अलगद. वीतभर पुढे, वीतभर मागे. कोणीतरी मागून पायांनी रेटावी तशी.

भाऊजींनी मागे वळून पाहिलं नाही. एकदाही नाही. मावशीचं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. दुखऱ्या खांद्यावर कापडाला चार घड्या पडत होत्या. बोटांनी धरल्यासारख्या.

"दादा," भाऊजी पुटपुटले, "हात काढ ना."

"भाऊजी, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

क्लच अजून दाबलेलाच होता, बोटं पांढरी पडली होती.

"मी," ते म्हणाले. "एकदा मला चालवू दे म्हणून हट्ट धरला होता. उतारावर घाबरलो आणि क्लच दाबून धरला. इंजिनाची पकडच गेली. गाडी सुसाट सुटली. दादा मागून ओरडत होता, क्लच सोड, क्लच सोड..."

"आणि मला काय सांगितलंत?"

"शुद्धीवर आलो तेव्हा सगळे म्हणत होते, चालवणारा गेला. मी फक्त नाही म्हणालो नाही."

"नाही म्हणाला नाहीत?" मावशी म्हणाली. "माझ्यासमोर बसून सांगितलंत, की त्यांनी ऐकलं नाही. मी तुम्हाला सात वर्षं या घरात जेवू घातलं, भाऊजी. आणि त्यांना शिव्या घातल्या."

भाऊजी उतरले आणि मान खाली घालून निघून गेले. त्यानंतर त्यांनी मावशीचा उंबरा चढलेला नाही. नातेवाइकांना ते सांगतात, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय. काही जणांना ते पटतंही.

मावशी एकटीच गाडीपाशी उभी राहिली. तिला वाटलं, आता खरं बाहेर आलं, आता हे उतरतील.

"अहो, मला कळलं," ती म्हणाली. "चुकले मी. उतरा आता."

स्प्रिंगा वर आल्या नाहीत.

तिने सीटवर हात ठेवला...

रेक्झिन कोमट होतं.

मावशी तीच गाडी घेऊन कामावर जाते. क्लच लोण्यासारखा चालतो. गाडीही अडत नाही, फक्त जड चालते. मागचा टायर सहा महिन्यांत झिजला, तेव्हा फोरमनने विचारलं, "रोज डबलसीट येतेस का?"

मला तिने हे सगळं गेल्या आठवड्यात सांगितलं. मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"सपाट रस्त्यावर नाही वाटत," ती म्हणाली. "पण उतार लागला, की खांद्यावर हात येतो. दाबत जातो. मी क्लचला बोटही लावत नाही, तरी दाबतो."

मग म्हणाली, "सांभाळून चालव म्हणून हात ठेवतात, की सात वर्षं मी त्यांनाच दोष दिला म्हणून... ते काही कळत नाही."