पाला कुठला?

"एवढा पाला? घरी गाय पाळलीय का, बाई?"

असुन्सियोन शहरातल्या चार नंबरच्या बाजारात निमियाला असं कुणी विचारलं नव्हतं. तिने मान वर केली. तेरेरे या थंडगार पेयाच्या पाण्यात घालायच्या औषधी मुळ्या उखळात कुटता कुटता तो तरणा पालेवाला हसत होता... आणि हसताना जरा जास्तच बरा दिसत होता.

"प्रयोगशाळेत नेतेय," ती फणकारली. "या यांतेनच्या पाल्याचा अर्क चरबीच्या कणांत भरतो आम्ही. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक कण! मधुमेही माणसाच्या जखमेत खोल शिरून औषध हळूहळू सोडतील."

"दिसत नाहीत, मग भरता कसे?"

"यंत्राला दिसतात."

"नशीबवान यंत्र... दिवसभर तुमच्यासमोर!"

देर्लिस त्याचं नाव. त्याने अर्धाच पाला बांधून दिला. बाकीचा म्हणे उद्या. दुसऱ्या दिवशीही अर्धाच. लबाड मेला! निमियाला त्याची चाल कळत होती, तरी ती रोज जायची, केस विंचरून जायची.

बातमी प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर बेनेगास यांच्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? "उद्या पैसा देणारे पाहुणे येतायत," ते म्हणाले. "पाला परदेशातून मागवला म्हणायचं. बाजाराचं नाव काढलंस, त्या पालेवाल्याचं नाव घेतलंस, तर नोकरी विसर."

निमियाचं डोकं फिरलं. ती तडक बाजारात गेली आणि देर्लिसला सगळं सांगून मोकळी झाली.

"ऐक त्यांचं," देर्लिस खाली बघत म्हणाला. "माझ्यापायी नोकरी घालवू नकोस."

"तुझ्यापायी? तू कोण रे माझा?"

तो आणखी जोरात मुळ्या कुटू लागला.

"उद्या ये तिथे," ती कडाडली. "धुतलेला सदरा घालून!"

दुसऱ्या दिवशी उंदरांच्या भरून आलेल्या जखमा पाहून पाहुण्या बाई खूश झाल्या. "पाला कुठला?"

बेनेगास खाकरले. निमिया एक पाऊल पुढे आली.

"चार नंबरच्या बाजारातला. देर्लिसच्या ठेल्यावरचा."

"हा देर्लिस कोण?"

नोकरीचं काय व्हायचं ते होवो! तिने बेनेगासांकडे रोखून पाहिलं.

"माझा होणारा नवरा. त्याला अजून ठाऊक नाही—"

मागची खुर्ची धाडकन पडली. कानापर्यंत लाल झालेला देर्लिस उभा होता.

"निमिया... आधी सांगायचंस ना गं. आईला घेऊन आलो असतो!"