काकूला फाशी द्यायची नाही

राग आला की मला हळू बोलता येत नाही. सौंदडच्या स्टेशनवर बसून मी फोनवर चेतनाला, माझ्या मैत्रिणीला, सांगत होते, "मुडदा कोणी पुंजण्यात लपवते का वो? येडी समजला का आमच्या काकूले?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मुलगा दचकला.

"रेडिओवरची काकू," मी फोन ठेवत त्याला सांगितलं. 'काकूचा रस्सा', दर रविवारी दुपारी. धान कापता कापता आम्ही बारा बायका ऐकतो आणि पोट धरून हसतो. काकूच्या हातचा रस्सा खाऊन तीन नालायक माणसं गेली, तिघांच्याही तेरवीचा स्वयंपाक काकूनेच केला, आणि पाहुण्यांनी मागून मागून खाल्लं! गेल्या भागात मात्र चौथ्याचा मुडदा पुंजण्यात सापडला आणि काकू पकडली गेली.

"मग पुंजण्यात काय बिघडलं?" त्याने विचारलं. डोळे हसरे होते मेल्याचे.

"तुमी धान कापलं कधी?"

"नाही. आमचं मुर्रीला हार्डवेअरचं दुकान आहे."

"मंग! कापलेल्या धानाचा ढीग तो. सालभर राहते का? थ्रेशर आला का दोन घंट्यात मोकळा. काकूची जिंदगी धानाच्या बांधीत गेली, तिले हे मालूम नसन? अक्कल नाही लिहिणाऱ्याले, अन् फाशी काकूले!"

गाडीतही तो समोर बसून विचारत राहिला. मग कुठे लपवायचं? नवेगावच्या तलावात? "तिथं रोज जाळे पडतेत," मी रंगात आले. शेजारची म्हातारी उठून दुसरीकडे जाऊन बसली.

गोंदियाला उतरताना तो म्हणाला, "मी दुर्गेश. ते... लिहिणारा मीच."

गाडीभर माझ्याकडून सगळं काढून घेतलं, आणि नाव आत्ता सांगतो! भर प्लॅटफॉर्मवर मी त्याला झाडलं. मग तो हळूच म्हणाला, "तीन भाग बाकी आहेत. काकूला वाचवायचं असेल तर... नंबर द्याल?"

दिला. फक्त काकूसाठी — असं मी चेतनाला सांगितलं.

मग रोज संध्याकाळी फोन.

"रेणू, तुझ्या हातचं जेवायला हिंमत लागेल."

"येऊन त पाहा..."

त्याच्या 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तो मला आवडायला लागला होता, आणि याचाही मला राग येत होता.

शेवटच्या भागाला तो स्वतः आमच्या शेतावर आला. बायकांना वाटलं, खताच्या कंपनीचा माणूस. रेडिओवर काकू कोर्टात उभी राहिली आणि माझीच वाक्यं बोलली. "साहेब, पुंजण्यात मुडदा लपवायले मी काय हार्डवेअरवाली होय?" बायका लोळून हसल्या. काकू सुटली, आणि जाताना जज्जसाहेबांना जेवायला बोलावून गेली.

मग नावं आली. लेखन, दुर्गेश बिसेन. बस. एकट्याचं.

माझं डोकंच फिरलं. "माहं नाव काऊन नाही?"

"टाकलं होतं," तो कुजबुजला. "मग काढलं. गावात बोलले असते... तुझ्या बाबांनी विचारलं असतं, हा पोरगा कोण..."

"विचारलं असतं त सांगितलं असतं मी! माह्या नावाची काळजी तुमी कायले करून राहिले? मले विचारलं होतं का?"

"नाही... गलती झाली."

माझा आवाज दोन बांध्या ओलांडून गेला असावा. विळे थांबले. पलीकडे भारे बांधणारे बाबा कंबर सरळ करत उठले.

"काय झालं वो रेणू? कोण होय हा?"

दुर्गेश उभा राहिला. चार चार खून रचणारा माणूस, त्याला एक शब्द सुचेना. माझा राग अजून उतरला नव्हता, म्हणून मला जमलं.

"दुर्गेश होय बाबा, मुर्रीचा. मले न विचारता माहं नाव काढलं यानं, म्हणून भांडून राहिली. अन्... लगन करीन त याच्यासंगच करीन."

मी दुर्गेशकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून मला पुन्हा त्याचाच राग आला — हे आधी त्याने बोलायला हवं होतं!