फ्रिजपुरती जागा

मलकपेठच्या घराचा ताबा मिळाला तेव्हा अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात एक जागा रिकामी होती. एक बाज मावेल एवढी. बाकी अंगणात कुठं पेरूचं झाड, कुठं हौद, कुठं कपड्यांची तार. या तुकड्यावर मात्र आधीच्या मालकानं काही लावलं नव्हतं की ठेवलं नव्हतं. गीताला ते खटकलं. ती कोठी भागातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवायची. एखादी जागा विनाकारण पडून राहावी, हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

संध्याकाळी पायरीवर बसून सगळ्यांनी आपापलं मत दिलं. तिचा नवरा अमरदीप बँकेत होता. त्याला तिथं स्कूटरसाठी पत्र्याची शेड हवी होती. सासऱ्यांना, शंकररावांना, पिंपळ लावायचा होता.

"बोधिवृक्ष," ते म्हणाले.

"अन् मुळं हौदात शिरली की ज्ञान सगळ्या गल्लीला होईल," अमरदीप म्हणाला.

आठ वर्षांच्या प्रज्ञाला झोका हवा होता.

कुंपणापलीकडून शेजारच्या उषाताई ऐकत होत्या. त्यांचे यजमान वकील. घराणं तीन पिढ्या हैदराबादेत. "अगं गीता, ईशान्य मोकळी ठेवतात. आम्ही तर वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून स्वयंपाकघराचं दारसुद्धा हलवलं."

"हौ, तेव्हापासून वकीलसाहेब चहाला आमच्याकडंच येतात," शंकरराव म्हणाले. "त्यांना तुमचं दार सापडत नाही."

उषाताई हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "तरी मोकळीच ठेव."

वास्तूचं नाव निघालं आणि गीताचा निर्णय होऊन गेला. असल्या गोष्टी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायच्या, हे ती लहानपणापासून शिकली होती. पुढच्याच रविवारी कोपऱ्यात शहाबादी फरशीचा बाक बसला, दोन्ही बाजूंना मोगऱ्याच्या कुंड्या आल्या. कोपरा छान दिसू लागला.

काही दिवसांनी व्हरांडा झाडताना तिच्या लक्षात आलं, की चपलांचा रॅक आणि वेताची खुर्ची यांच्यामध्ये जागा आहे. हात पसरून उभं राहता येईल एवढी. आधी तिथून अंग तिरकं करून जावं लागायचं. खुर्ची कुणी सरकवली असेल म्हणून तिनं वाकून पाहिलं. खुर्चीचे पाय लाल कोब्यावरच्या आपल्या जुन्या डागांवरच होते.

तिथं मनीप्लांटचा लोखंडी स्टँड आला, नामपल्लीच्या नुमाइशीतून, तिथल्या वार्षिक प्रदर्शनातून आणलेला. स्टँड ठेवला तशी बैठकीत, सोफा आणि शोकेसच्या मध्ये, जागा दिसू लागली.

"बरं झालं," अमरदीप म्हणाला. "फ्रिज कुठं ठेवायचा याचीच परेशानी होती."

त्या दिवसांत दुकानांच्या काचांमागं रोज काहीतरी नवं उभं राहायचं. फ्रिज आला, मग रंगीत टीव्ही आला. प्रत्येक वस्तूला घरानं जणू आधीच बाजूला सरून जागा करून ठेवलेली असायची. घरी येणारे म्हणत, बाहेरून घर लहान दिसतं, पण आत ऐसपैस आहे. शंकरराव ते अभिमानानं ऐकत.

गीतानं एका दुपारी शिवणकामाची टेप घेऊन बैठक मोजली. भिंत ते भिंत अंतर नकाशात होतं तेवढंच भरलं. मग तिनं एकेक सामान मोजलं आणि बेरीज केली. सामान भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरत होतं, काही उरत नव्हतं. दोन्ही आकडे बरोबर होते, आणि टीव्हीच्या पलीकडची रिकामी जागा समोर दिसत होती.

तिनं टेप गुंडाळून ठेवली. कुणाला सांगणार? उषाताईंना सांगितलं असतं तर त्यांनी नुसती मान हलवली असती, आणि तेच तिला नको होतं. वर्गात ती मुलांना सांगायची, रिकामं असं काही नसतं, तिथं हवा असते. आता घरात वावरताना तिला वाटायचं, या जागेत हवाही नसावी. तिथून जाताना पदर हलत नव्हता.

टीव्हीच्या पलीकडं अमरदीपनं टेलिफोनचं टेबल ठेवलं. त्यानंतर जागा आतल्या खोलीत गेली. प्रज्ञाची खाट भिंतीला टेकलेली असायची. आता खाट आणि भिंत यांच्यामध्ये स्वच्छ, गुळगुळीत जमीन होती.

"इथं कंप्यूटर ठेवू," अमरदीप म्हणाला. "बँकेत सगळ्यांनी पोरांसाठी घेतलाय."

"इथं काही ठेवायचं नाही."

"अगं, जागा झाली म्हणून कुणी रडतं का? लोक दोन हात जागेसाठी शेजाऱ्याशी कोर्टात भांडतात."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिला प्रज्ञा त्या जागेत मांडी घालून बसलेली दिसली. समोर पुस्तक नव्हतं, खेळ नव्हता.

"इथं बरं वाटतं गं आई," ती म्हणाली. "इथं मी मावते."

गीतानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. पोरीचा हात गार होता.

रविवारी तिनं बाक काढायला लावला. कारण विचारल्यावर म्हणाली, "मला कोपरा मोकळा हवाय." अमरदीपनं वडिलांकडं पाहिलं. शंकरराव पायरीवरून उठले. बापलेकांनी फरशी उचलली, कुंड्या हलवल्या. कुंपणापलीकडं उषाताई धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी एकदा कोपऱ्याकडं पाहिलं आणि पुढचं कापड झटकलं.

कोपरा पुन्हा उघडा पडला. गीता धावत आत गेली.

खाट भिंतीला टेकली होती. मध्ये बोटसुद्धा शिरत नव्हतं.

ती खाटेवर बसली आणि तिला रडू फुटलं. मग हसू आलं. तिनं नुकत्याच न्हालेल्या प्रज्ञाला हाक मारून पुढ्यात बसवलं, केस विंचरले, मधोमध भांग पाडला.

"दुखतंय गं."

"झालं. हलू नकोस. रिबिनी आणते."

रिबिनी स्वयंपाकघरात खुंटीला होत्या. तिनं त्या काढल्या आणि ती परत आली.

आतल्या खोलीत अमरदीप टेप धरून उभा होता.

"गीता, ही एवढी जागा पहिल्यापासून रिकामीच आहे बघ. कपाट बसेल की टेबल?"

गीतानं पाहिलं. भिंतीलगत मोकळी जमीन होती. जमिनीवर कुठलाच डाग नव्हता.

"कपाट," ती विचार करून म्हणाली. "आपल्या तिघांचे कपडे मावतील."

बाहेरून शंकररावांनी चहा मागितला. "आले बाबा," म्हणून ती वळली, तेव्हा आपल्या एका हातात दोन लाल रिबिनी आणि दुसऱ्या हातात कंगवा असल्याचं तिच्या ध्यानात आलं. रिबिनी उषाताईंच्या नातीच्या असतील, असं तिला वाटलं. तिनं त्या खिडकीच्या गजाला बांधून ठेवल्या.

कंगव्यात दोन-तीन लांब केस अडकले होते. नेहमीच्या सवयीनं तिनं ते बोटाला गुंडाळून काढले.

केस ओले होते.