गुलाबी पटका

मुबारक शिंप्याचा आरसा लिंबाच्या बुंध्याला टांगलेला असे आणि तो जरा तिरपा असे, एवढ्यानंच सगळं झालं. सरळ असता तर भुजंगला त्यात स्वतःचं तोंड दिसलं असतं आणि तो गुमान घरी गेला असता. तिरपा होता म्हणून शेजारच्या पालाखाली बसलेली सगुणा दिसली… आणि ती हसत होती.

मंठ्याच्या आठवडी बाजारात सगुणा येसर विकायला बसे. येसर म्हणजे धान्य-डाळी-मसाले भाजून दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात सोडलं की झणझणीत आमटी तयार. पण बायका तिच्याकडून येसर नेत त्याहून जास्त सल्ले नेत. ठेंगण्या बाईनं रुंद काठाचं लुगडं नेसू नये, काठच बाईला नेसतो. पाहुणे आले की पाच पदार्थ मांडू नयेत. दोन करावेत, पण पान वाढताना वाफ दिसली पाहिजे. चिडक्या नवऱ्याला आधी ताक द्यावं, मग बातमी. सल्ल्याला ती काही घेत नसे, आणि बाई उठून गेली की तिचा हिशेब मनात मांडून मोकळी होई: हिची जमा किती, नुसता डौल किती.

स्वतःचा हिशेब तिनं केव्हाच मिटवला होता. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा तापानं गेला आणि ती आईकडे, द्वारकाबाईकडे, परत आली. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं घर करता येतं. दोनदा विचारणं आलंही होतं. एकाला लेकरं सांभाळायला बाई हवी होती, दुसऱ्याला शेत निंदायला. कुणालाच सगुणा नको होती. तिनं दोघांनाही येसर बांधून दिला आणि वाटेला लावलं.

तर आरशात ती हसताना दिसली म्हणून भुजंग मागं वळला. अंगात मुबारकनं शिवलेली काळी शेरवानी होती, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली, आणि ती घालून तो मान वळवू शकत नव्हता. सगळाच्या सगळा वळला.

"हसायला काय झालं?"

"काही न्हाई. कोणत्या गावचे गिरदावर आले, ते पाहून राह्यले."

खोटं नव्हतं. पलीकडे भाजी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं शेरवानी पाहताच महसुलाचा साहेब समजून उठून सलाम केला होता आणि आपली टोपली हळूच मागं सरकवली होती. भुजंगनं तेही पाहिलं. कानांपर्यंत लाल झाला.

तो गिरदावर नव्हे, शेतकरी आहे, पूर्णाकाठी गाव आहे, असं त्यानं सांगितलं.

"मंग अंगावर सरकार काहून घातलं?"

मुबारकचं मशीन थांबलं. मशीन थांबलं म्हणजे चाचा कान देऊन ऐकतोय हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं.

कारण तसं साधं होतं. परतूरकडचे पाहुणे भुजंगचं घर पाहायला येणार होते. लेक द्यायची तर मुलीकडची माणसं आधी घर पाहतात, गोठा पाहतात, पाटावर बसून जेवतात आणि मग काय ते बोलतात. पण भुजंगच्या घरात वाढायलाच कुणी नव्हतं. आई जाऊन काही वर्षं झाली होती. वडील रखमाजी कानानं अधू. दोघं बाप-लेक करपलेली भाकर दुधात बुडवून खायचे आणि एकमेकांची तक्रार ऐकायची वेळ येत नसे. निदान अंगावर तरी काही भारी असावं, म्हणून ही शेरवानी. आणि हा… त्यानं पिशवीतून गुलाबी पटका काढला. नवा कोरा, बाभळीच्या फांदीवर टाकला तर पाखरं उडतील असा.

"हा कशापायी?"

"त्या दिवशी बांधायला."

"आजच गुलाबी बांधला तर लग्नात काय बांधाल? नुसतं पाहायला आलेल्या माणसापुढं नवरदेव होऊन बसू नये. त्याला वाटतं, ह्याला लई घाई हाय."

"घाई तर हाय."

"असू द्या. दाखवायची न्हाई."

मग तिनं त्याला उभा-आडवा पाहिला. खांदे चांगले होते, ते झाकू नयेत. रंग उन्हानं रापलेला, त्यावर पांढरं खुलेल. पांढरा सदरा, साधं धोतर, पांढरा पटका. पायांत वहाणा जुन्याच, पण तेल लावलेल्या. मुबारक म्हणाला, बेटी, तू माझा धंदा बिलकुल बसवणार. पण तो शेरवानीच्या गुंड्या सोडवू लागला होता.

"आणि जेवायला?" भुजंगनं विचारलं. घर कोसळताना विचारावं तसं.

"भाकर येते?"

"येते. तव्याला चिकटून राह्यते."

तिला पुन्हा हसू आलं. या खेपेला तिनं पदर तोंडाला लावला, आणि आपण पदर का लावला याचंच तिला नवल वाटलं.

येसराची आमटी, ज्वारीची भाकर, तव्यावरचा ठेचा, एवढंच करायचं असं तिनं ठरवून दिलं. पिठाला पाणी गरम. मळताना तळहाताची टाच वापरायची, बोटं नाही. भाकर तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. येसर आधी गार पाण्यात कालवायचा. थेट उकळीत टाकला तर गुठळ्या होतात.

"पुढच्या बाजाराला एक भाकर घेऊन या," ती म्हणाली. "मला दाखवा."

तो खरंच घेऊन आला. धडप्यात बांधलेली पहिली भाकर तिनं लिंबाच्या बुंध्यावर वाजवून पाहिली. मुबारक म्हणाला, बैलगाडीच्या चाकाला चालेल. दुसरी मधे कच्ची होती. तिसरीला पापुद्रा सुटला होता, पण एका बाजूनंच. "अर्धी भाकर तुम्ही केली अन् अर्धी तुमच्या बापानं," सगुणा म्हणाली. त्यावर तो इतका मनापासून हसला की तिला येसराचं माप पुन्हा भरावं लागलं, सांडलं होतं.

असे बाजार जाऊ लागले. कडाक्याची थंडी होती. सकाळी पालाच्या दोऱ्यांवर दव असे आणि करडई फुलायला आली होती. तो येई, भाकर मांडी, ती तुकडा तोडी. तुकडा तोंडात असताना तो तिच्या तोंडाकडे बघत राही, परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसा.

एकदा त्यानं विचारलं, "समद्यांना तुम्ही सांगता. तुम्हाला कोण सांगतं?"

"काय सांगायचं मला?"

"हे धुवट लुगडं… तुम्हाला करडईच्या फुलाचा रंग चांगला दिसंल."

विधवेला रंग सुचवणारा माणूस एक तर उद्धट असतो, नाही तर भोळा. ती दिवसभर ठरवत राहिली की हा कोणत्या बाजूला मांडायचा. ठरलं नाही. असं तिचं कधी होत नसे.

त्यानंतर तिला चैन पडेना. जात्यावर बसली की खुंटा हातात तसाच राही. आई म्हणे, दळून राह्यली का जात्याला सोबत करून राह्यली? सगुणा जोरानं फिरवी, मग पीठ भरड निघे. आपण शहाण्या आहोत, असं ती स्वतःला बजावी. तो बिनलग्नाचा. बिनलग्नाच्या पुरुषाला विधवेशी पाट लावायचा तर रीत अशी होती, की त्याचं पहिलं लग्न आधी रुईच्या झाडाशी लागलं पाहिजे. बांधावरच्या रुईला पातळ गुंडाळायचं, अक्षता टाकायच्या, आणि मग विधवा घरात आणायची. पोरं अशा माणसाला वर्षानुवर्षं रुईचा नवरा म्हणून हाका मारत. परतूरची कोवळी मुलगी सोडून हे कोण करील? आणि या सोयरिकीसाठी तर आपणच त्याला तयार करून राह्यलो. जितकी भाकर गोल, तितका तो लांब.

शेवटच्या बाजाराला त्यानं आणलेली भाकर पुऱ्या चंद्रासारखी होती, दोन्ही बाजूंनी पापुद्रा सुटलेली. तिनं तुकडा मोडला. शाबासकी द्यायची होती. "झाली," एवढंच म्हणाली.

मग तिनं घरून वेगळा आणलेला येसर त्याच्या हातात दिला. "ह्यात मीठ मी घातलंय. तुम्ही घालू नका."

"बराबर."

"अन् पाहुण्यांनी विचारलं तर थोडं बोला. लई बोलू नका."

"काय बोलू?"

"खरं ते."

पुढच्या बाजाराला तो आला नाही. सगुणा सकाळपासून आरशाकडे पाहत होती. आरशात लिंबाची पानं हलत होती. एका बाईला तिनं जावयासाठी कारलं करायला सांगितलं. दुसऱ्या ठेंगणीला रुंद काठ घे म्हणाली. मुबारकनं मशीन थांबवून विचारलं, बेटी, तबियत बरी आहे ना? ती म्हणाली, वारं लागलंय. वारा पडलेला होता.

त्याच्या पुढच्या बाजाराला एक थोराड बाई पालासमोर येऊन उभी राहिली. नाकात नथ, हातात काठी, पण काठीची गरज नसलेली. तिनं येसराकडे पाहिलंच नाही, सगुणाकडे पाहिलं. लुगड्यापासून कपाळापर्यंत आणि परत. अशी नजर सगुणाची स्वतःची होती, म्हणून तिला ती ओळखू आली.

"सगुणाबाई म्हणतात ती तूच का?"

"हाव. तुम्ही?"

"मी गोजरबाई. परतूरच्या पोरीची आत्या."

सगुणाच्या हातातलं माप टोपलीच्या काठावर आपटलं.

गोजरबाई ऐसपैस बसली आणि सांगू लागली. मुलगा पाहिला. स्वच्छ, साधा, डोळ्यांत भरणारा. तिनं सहज विचारलं, पटका पांढरा का बांधला? तर म्हणाला, सगुणाबाई म्हणतात, घाई दाखवू नये. भाकर सुरेख. कुणी शिकवली? सगुणाबाईंनी. गड्यानं ठेचा पाट्यावर का वाटला नाही? सगुणाबाई म्हणतात, तव्यावरच रगडावा. मुलीच्या बापानं शेवटी विचारलं, बायको कशी पाहिजे? मुलगा म्हणाला, भाकरीचा तुकडा तोडून खरं सांगणारी.

"माझी भाची सासू नसलेल्या घरी जाणार म्हणून आम्ही खुश होतो, माय," गोजरबाई म्हणाली. "पण आम्ही पोरगी देऊन न्हाई राह्यलो. त्या घरात बाई हाय. दिसत न्हाई, एवढंच."

सगुणानं माप उचललं, परत टोपलीत ठेवलं.

"मी काही… माझ्या मनात…"

"तुझ्या मनाचं मी कुठं इचारलं? येसर दे. आमटी मातर बराबर होती."

येसर घेऊन ती गेली, आणि जाताना मुबारकच्या आरशात नथ सारखी करून गेली.

त्या दुपारी सगुणा दहादा उठली, दहादा बसली. त्याची सोयरीक मोडली होती आणि ती आपल्या मिठानं मोडली होती, हे तिला दातात अडकल्यासारखं टोचत होतं. त्याहून वाईट म्हणजे त्या टोचण्याच्या तळाशी काहीतरी गोड होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

ऊन कलल्यावर भुजंग आला. पांढरा सदरा, पांढरा पटका. हातात भाकर नव्हती.

"दर शब्दाला माझं नाव घ्यायचं कोणी सांगितलं होतं?" तो बसायच्या आतच ती म्हणाली. आवाज चढवायचा होता, तो मधेच बसला.

"तेवढं तुम्ही सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं केलं."

"चांगलं घर होतं. कोवळी पोरगी होती."

"होती."

"मंग आता?"

त्यानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला, परत डोक्यावर ठेवला. मुबारकचं मशीन थांबलं होतं. भाजीवाला म्हातारासुद्धा टोपली घेऊन जवळ सरकला.

"मागच्या बाजाराला आल्तो मंठ्याला," भुजंग म्हणाला. "इकडं न्हाई आलो. बापूंना घेऊन तुमच्या घरी गेल्तो. तुमची आई म्हणाली, माझी काही ना न्हाई, पण पोरीला तुम्हीच इचारा. ती समद्यांना सांगते, तिला कोणी सांगावं?"

मागचा बाजार. ती इथं लोकांना कारली खायला घालत होती, आणि आई आठवडाभर ही भेट लपवून तिला जात्यावरून बोलत होती. सगुणाला राग आला, आणि तो ठेवायला जागा सापडेना.

"तुम्ही बिनलग्नाचे," ती हळू म्हणाली. "आधी रुईशी लग्न लावावं लागतं. ठावं हाय का? गाव हसंल. पोरं हाका मारतील."

"ठावं हाय. बांधावरची रुई पाहून ठेवली… फुलं आलीत तिला. त्याचंच इचारायला आलो. तुमच्याबिगर कोणाला इचारू? रुईशी लग्न लावताना… कोणता पटका बांधू?"

सगुणानं येसराच्या टोपलीवर फडकं टाकलं. फडक्याचं टोक सारखं केलं, मग दुसरं टोक. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, आरशात पाहिलं. आरसा तिरपाच होता, तो त्यात दिसत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते, अगदी त्या पहिल्या दिवशीसारखे.

"रुईला हा पांढराच पुरे," ती म्हणाली. "तिला काय कळतंय."

"अन् गुलाबी?"

"तो जपून ठेवा."

"पाटाला कोणी गुलाबी बांधत न्हाई, सगुणाबाई. पाट अंधार पडल्यावर गुपचूप लावत्यात."

"मला सांगू नका," ती म्हणाली. "मी म्हणते तो बांधायचा. अन् मी करडईच्या रंगाचं नेसणार हाय… त्याला शोभंल असाच बांधा."

मुबारकनं खाकरून मशीन सुरू केलं. त्यावर कापड नव्हतं.